रोममध्ये राहायचं कुठे? हॉटेल की गेस्ट हाऊस, आणि कुठला भाग?

अबोली_
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात रोमला जायचं पक्कं झालंय. पाच रात्री, फक्त रोम, बाकी कुठे पळापळ नाही. आम्ही दोघं, आठ वर्षांची लेक आणि सासूबाई. सासूबाई सपाटीवर तासभर आरामात चालतात, बसतबसत दोन तासही होतील, पण जिना त्यांना नको वाटतो, गुडघे त्रास देतात. आठवडाभर रोज रात्री बुकिंग साइट उघडून बसतेय आणि जेवढं बघावं तेवढा गोंधळ वाढतोय. एकीकडे तीन स्टारची हॉटेलं, खोल्या जुनाट दिसतात पण रिसेप्शन वगैरे सगळं आहे. दुसरीकडे गेस्ट हाऊस, फोटो एकदम सुंदर, रेटिंग नऊच्या वर, पैसेही कमी. आणि भाग तर किती, तेर्मिनी (मुख्य रेल्वे स्टेशनचा भाग), प्राती, मोंती, त्रास्तेव्हेरे... प्रत्येक ठिकाणी कोणीतरी लिहिलंय की हाच भाग सगळ्यात चांगला. जे जाऊन राहिलेत त्यांनी प्लीज सांगा, आमच्यासारख्यांनी काय बघून ठरवावं?

पायवाट
त्रास्तेव्हेरे. डोळे झाकून. रोमला जाऊन स्टेशनजवळ राहण्यात काय मजा. त्या गल्ल्या, वेलींनी झाकलेल्या भिंती, संध्याकाळी सान्ता मारिया चर्चसमोरचा चौक, खोलीतून खाली उतरलं की तुम्ही थेट त्यातच. आम्ही राहिलो होतो, अजून आठवण येते.

मुक्कामपोस्ट
पायवाट, त्रास्तेव्हेरे सुंदर आहेच, त्याबद्दल वाद नाही, पण अबोलीताईंच्या घरच्यांचा विचार करून मी वेगळं सांगेन.

ताई, आधी स्टार, रेटिंग, फोटो सगळं बाजूला ठेवा. रोममध्ये एकच गोष्ट बघायची, गाडीतून किंवा मेट्रोतून उतरल्यापासून खोलीतल्या पलंगापर्यंतचा रस्ता. हा शेवटचा पाचशे मीटरचा तुकडा दिवसातून दोनदा तरी होणार, पहिल्या दिवशी सामानासकट आणि रोज रात्री दमलेल्या पायांनी, आणि साइटवर नेमकी त्याचीच माहिती नसते. खोली कितीही छान असू दे, हा तुकडा वाईट असेल तर सासूबाई तिसऱ्या दिवसापासून म्हणणार की तुम्ही जा, मी खोलीतच थांबते.

त्यात काय काय येतं ते सांगतो. रस्ता: जुन्या भागात सगळीकडे काळ्या दगडी चौकोनांची फरसबंदी आहे, सांपिएत्रीनी म्हणतात, दिसायला छान पण चाकांच्या बॅगा त्यावर उड्या मारतात आणि पाऊस पडला की दगड निसरडा. मेट्रो: ए लाइन १९८० ची, बी त्याहून जुनी, १९५५ ची, त्यामुळे बऱ्याच स्टेशनांवर लिफ्ट नाहीत किंवा असल्या तरी बंद सापडतात, मेट्रो जवळ आहे एवढ्यावर खूश होऊ नका. सी लाइन नवी आहे, तिथे लिफ्ट आहेत. मग इमारतीचं दार. आणि मग लिफ्ट, हा तर स्वतंत्र विषय आहे.

गेस्ट हाऊस म्हणजे तिथे बहुतेक वेळा जुन्या रहिवासी इमारतीतला एक मजला, पाच-सहा खोल्या. तेर्मिनीजवळच्या गल्ल्यांत तर एकाच इमारतीत चारपाच वेगवेगळी गेस्ट हाऊस असतात, दाराशी पितळी बेलची रांग, प्रत्येकासमोर वेगळं नाव. इमारत शंभर-सव्वाशे वर्षांची, लिफ्ट नंतर कधीतरी जिन्याच्या मधल्या मोकळ्या जागेत जाळी लावून बसवलेली. आम्ही राहिलो त्या इमारतीत लिफ्टला आधी लोखंडी जाळीचं दार, आत लाकडी दोन फळ्यांचं दार, दोन्ही हाताने लावायची. वरच्या मजल्यावर कोणी फळी नीट न लावता गेलं की लिफ्ट तिथेच अडकून राहणार, खालून बटण दाबून काही उपयोग नाही, मग खालून कोणीतरी वर ओरडायचं आणि कोणीतरी दार उघडून जाऊन ती फळी ढकलायची. तरण्या माणसांना चालतं हे सगळं. आणि लिफ्टच्या आधीही पायऱ्या असतात, रस्त्यावरून आत आलं की सहासात पायऱ्या चढून मग लिफ्टचं दार. साइटवर मात्र “लिफ्ट आहे” एवढंच.

रानमोगरा
मुक्कामपोस्ट +१, लिफ्टआधीच्या पायऱ्यांबद्दल तर +१००.
आणि मजले मोजताना लक्षात ठेवा, तळमजला शून्य, त्यामुळे त्यांचा तिसरा म्हणजे तीन जिने. काही इमारतींत तळ आणि पहिल्याच्या मध्ये अजून एक बुटका मजला असतो, तो मोजतच नाहीत.

पायवाट
मान्य आहे, ज्येष्ठ मंडळी सोबत आहेत हे मी पुरेसं लक्षात न घेता लिहिलं. पण त्रास्तेव्हेरे सपाट आहे हां, मोंतीसारखी चढउतार नाही. आणि नदीजवळ सान्ता चेचिलिया चर्चच्या बाजूचा भाग बराच शांत असतो, गोंगाट सगळा सान्ता मारिया आणि त्रिलुस्सा चौकाकडे.

मुक्कामपोस्ट
हो सान्ता चेचिलियाची बाजू शांत, बरोबर. पण त्रास्तेव्हेरेत मेट्रो नाही, आठ नंबरची ट्राम आणि बस. ट्रामच्या रुळांची कामं निघाली की बदली बस. दिवसा फिरून दुपारी दोन तास खोलीवर येऊन पाय टेकायचे आणि संध्याकाळी परत निघायचं, असं ज्यांना करायचंय (आणि सासूबाई नि लेक दोघींना ते लागणारच) त्यांच्यासाठी तिथून येणं जाणं जड पडतं. त्रास्तेव्हेरेला एक संध्याकाळ द्या, राहू नका.

गच्चीवरून
मी प्रातीचं मत देते. आई-बाबांना घेऊन तिथेच राहिलो होतो. रोम १८७१ मध्ये राजधानी झाल्यावर जो नवा भाग वसवला त्यातला हा, त्यामुळे रस्ते सरळ, रुंद, फुटपाथ व्यवस्थित, इमारती मोठ्या आणि लिफ्ट त्यातल्या त्यात बऱ्या मापाच्या. कोला दि रिएन्झो हा मोठा दुकानांचा रस्ता, औषधाचं दुकान, किराणा सगळं हाताशी. रात्री दहानंतर शांत. व्हॅटिकन चालत. ओत्ताव्हियानो किंवा लेपान्तो स्टेशनवरून ए लाइनने स्पान्या, बार्बेरिनी, तेर्मिनी सरळ.

तोटा एकच, कोलोसियम आणि फोरमची (प्राचीन रोमच्या अवशेषांची) बाजू लांब पडते, तेर्मिनीला गाडी बदलून जावं लागतं.

तिसरीघंटा
प्रातीचा अजून एक मुद्दा जो कोणी सांगत नाही. फ्यूमिचिनो विमानतळावरून शहरात यायला पांढऱ्या अधिकृत टॅक्सीचे ठरलेले पैसे आहेत, ५५ युरो, चार माणसं आणि सामान धरून. पण ते कुठपर्यंत, तर ऑरेलियन भिंतींच्या आतपर्यंत. तिसऱ्या शतकातली रोमन तटबंदी आहे ही, आजही बरीचशी उभी आहे आणि टॅक्सीचं भाडं आजही तिच्यावर ठरतं! प्राती त्या भिंतींच्या बाहेर आहे. त्यामुळे तिथे मीटरने जावं लागू शकतं. तेर्मिनी, मोंती, एस्क्विलिनो, जुनं शहर, तेस्ताच्चो, त्रास्तेव्हेरेचा जुना भाग हे सगळं आत. सान जोव्हान्नीचं मेट्रो स्टेशन तटबंदीच्या दरवाज्याच्या जेमतेम बाहेर. म्हणून हॉटेलचा पिन नकाशावर टाकून बघा भिंतीच्या आत आहे की बाहेर.

तुम्ही चौघं आहात म्हणून सांगतो, विमानतळावरून सुटणारी लेओनार्दो एक्सप्रेस ट्रेन ३२ मिनिटांत तेर्मिनीला नेते पण एका माणसाला १४ युरो, तीन मोठ्या माणसांचेच ४२ झाले, वर तेर्मिनीपासून पुढे सामान ओढत जायचं. टॅक्सी ५५ मध्ये दारात. हिशोब उघड आहे.

अबोली_
बापरे केवढी माहिती! भिंतीचं तर मला कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. सगळ्यांना खूप धन्यवाद.
तेर्मिनीबद्दल मात्र दोन टोकं ऐकतेय. कोणी म्हणतं सोयीचं, कोणी म्हणतं रात्री बाहेर पडू नका. खरं काय?

रानमोगरा
आम्हाला नाही आवडलं. स्टेशनाबाहेर घोळके उभे असतात, बॅगेवर सतत लक्ष, ६४ नंबरच्या बसमध्ये तर खिसेकापूंचा सुळसुळाट. लहान मूल असताना मी तरी नाही राहणार.

मुक्कामपोस्ट
रानमोगरा, तुमचा अनुभव खराच आहे, पण “तेर्मिनी” म्हणून साइटवर जे दाखवतात तो काही एक भाग नाही. स्टेशन लांबलचक आहे आणि त्याच्या चारी बाजू वेगळ्या.

व्हिया (म्हणजे रस्ता) जोलित्तीची बाजू, म्हणजे स्टेशनाच्या भिंतीला लागून दक्षिणेकडे, तिथे रात्री मलाही बरं वाटत नाही, तिथे घेऊ नका. व्हिया मार्सालाच्या पलीकडे कास्त्रो प्रेतोरियोकडे गेलं की हॉस्टेल आणि स्वस्त गेस्ट हाऊसची गर्दी, तरुण मंडळी जास्त, वाईट नाही पण आवाज असतो. पुढच्या बाजूने पियात्सा देल्ला रेपुब्लिका हा चौक आणि व्हिया नात्सियोनालेकडे आलं की चित्र बदलतं, मोठे रस्ते, जुनी हॉटेलं, रात्रीही वर्दळ. आणि सान्ता मारिया माज्जोरेच्या आसपासचा भाग मला सगळ्यात पटतो. स्टेशनपासून दहाएक मिनिटं चालत, ए आणि बी दोन्ही लाइन तेर्मिनीला मिळतात, समोर ती त्याच नावाची भव्य बॅसिलिका, म्हणजे मोठं चर्च (पोप फ्रान्सिस यांची कबर तिथेच आहे, २०२५ पासून तिथे लोकांची रीघ असते, त्यामुळे पोलीसही असतात), आणि व्हिया काव्हूरने सरळ खाली उतरलं की फोरम.

उतरलं की, हे लक्षात घ्या. जाताना उतार, येताना चढ. येताना काव्हूर स्टेशनवरून एक स्टॉप मेट्रो किंवा बस घ्या.

खिसेकापूंबद्दल, ते जिथे पर्यटक तिथे, त्रेव्ही कारंज्यापाशी पण असतात आणि मेट्रोत पण. राहायचा भाग त्यावरून नका ठरवू.

सांजवारा
एक पर्याय कोणीच सांगितला नाही, कॉन्व्हेंटची गेस्ट हाऊस. ननच्या किंवा धर्मगुरूंच्या संस्था चालवतात, तिथे त्याला काझा पेर फेरिए म्हणतात. कोणत्याही धर्माच्या माणसाला राहता येतं. खोल्या एकदम साध्या, दोन एकेरी पलंग, टेबल, भिंतीवर क्रूस, टीव्ही असेल-नसेल, पण स्वच्छता अशी की फरशीवर हात फिरवला तर धूळ लागत नाही. आत अंगण, झाडं, शांतता. संस्थेत वयस्क नन राहत असल्या की लिफ्ट बहुतेक ठिकाणी असतेच आणि बऱ्या मापाची असते. सकाळी नाश्ता.
एकच बघा, बऱ्याच ठिकाणी रात्री अकराच्या आसपास दार बंद होतं. तुम्हाला मुलगी नि सासूबाईंसोबत त्याची अडचण यायची नाही. काही संस्था बुकिंग साइटवर दिसत नाहीत, थेट ईमेल करावा लागतो, उत्तर यायला वेळ लागतो पण येतं. मला स्वतःला रोममध्ये इतकं निवांत दुसरीकडे कुठे वाटलं नाही.

गच्चीवरून
अरे वा, हे छान आहे. सासूबाईंना आवडेल.

तिसरीघंटा
आता पैशांचं. साइटवर जो आकडा दिसतो त्यात शहराचा पर्यटक कर बहुतेक वेळा नसतो, तो तिथे गेल्यावर द्यायचा, आणि छोट्या ठिकाणी रोख मागतात. माणशी, दर रात्री, जास्तीत जास्त दहा रात्रींपर्यंत. ऑक्टोबर २०२३ मध्ये वाढवला, तीन स्टारला ६ युरो, चार स्टारला साडेसात, पाच स्टारला १०. गेस्ट हाऊस वगैरेंना प्रकाराप्रमाणे. दहा वर्षांखालच्या मुलांना माफ. म्हणजे ताई, तीन स्टारमध्ये तुम्ही तिघं मोठे, पाच रात्री, ९० युरो झाले. दोन ठिकाणांची तुलना करताना हे धरूनच करा. जायच्या आधी दर एकदा परत बघून घ्या.

आणि नोंदणी. १ जानेवारी २०२५ पासून इटलीत प्रत्येक भाड्याच्या जागेला राष्ट्रीय ओळख कोड बंधनकारक आहे, सीआयएन म्हणतात, तो जाहिरातीत आणि इमारतीच्या दाराशी दोन्हीकडे लावावा लागतो. जाहिरातीत कोड नसेल तर सरळ पुढचं बघा, कितीही फोटो छान असू देत. पाहुण्यांची नावं पोलिसांच्या पोर्टलवर कळवायचा नियम आहे, म्हणून लेकीसकट सगळ्यांचे पासपोर्ट मागतील, घाबरून जायचं कारण नाही.

पायवाट
अजून एक, रात्री उशिरा पोचणार असाल तर गेस्ट हाऊसमध्ये रिसेप्शन नसतं हे लक्षात घ्या. आमच्या ओळखीतल्या एकांची फ्लाइट लेट झाली, मध्यरात्र उलटून गेल्यावर दाराशी पोचले, मालक फोन उचलेना, लहान मुलासकट तासभर फूटपाथवर. पूर्वी बरेच जण खांबाला चावीची पेटी लावून कोड पाठवायचे, २०२५ मध्ये पालिकेने रस्त्यावरच्या त्या पेट्या काढायला घेतल्या. त्यामुळे उशिराची फ्लाइट असेल तर चोवीस तास रिसेप्शन असलेलं हॉटेलच घ्या, निदान पहिल्या रात्रीसाठी.

मुक्कामपोस्ट
बरोबर. आणि ऑक्टोबरअखेरचा एक खास मुद्दा. रोममध्ये रहिवासी इमारतींचं सामायिक हीटिंग १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळातच चालवायचं असा नियम आहे, तेही दिवसाला ठरावीक तास. तुम्ही जाताय त्या आठवड्यात दिवसा हवा मस्त असते पण रात्री आणि पहाटे गारठा पडू शकतो, आणि जाड दगडी भिंतींच्या खोलीत तो जास्त जाणवतो. गेस्ट हाऊस अशा इमारतीत असेल तर विचारा की खोलीतल्या एसीला गरम हवेची सोय आहे का आणि त्या आठवड्यात चालू असते का. नसेल तर जास्तीचं पांघरूण तरी मागून ठेवा.

खिडकीचंही विचारा. रस्त्याकडची की आतल्या चौकाकडची. आतली शांत पण अंधारी. मी तरी म्हाताऱ्या माणसांसाठी आतलीच घेईन, रोममध्ये रात्री दोनला कचऱ्याची गाडी काचेच्या बाटल्या रिकाम्या करते तेव्हा अख्खी गल्ली उठते.

रिव्ह्यू वाचायची पद्धत: एकूण आकडा सोडा. शोधाच्या चौकटीत लिफ्ट, जिना, पायऱ्या, आवाज, गरम पाणी असे शब्द एकेक टाकून फक्त तेवढेच वाचा, तेही गेल्या वर्षभरातले. आणि कोण लिहितंय ते बघा. दोन तरुण मित्रांनी दिलेला दहापैकी दहा तुमच्या कामाचा नाही, म्हाताऱ्या वडिलांना घेऊन गेलेल्याने दिलेला साडेसात कामाचा. मग नकाशावर रस्त्याचं चित्र उघडा आणि प्रत्यक्ष दारापर्यंत जा. दाराशी पायरी दिसते, शेजारी बार आहे का दिसतं, टॅक्सी थांबेल एवढा रस्ता आहे का तेही कळतं.

रानमोगरा
हे रिव्ह्यूचं मी लिहून घेतलं :)

अबोली_
मंडळी, काल रात्री बसून सहा ठिकाणांना एकच मेसेज पाठवला. तीनच प्रश्न विचारले: रस्त्यापासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या, लिफ्टमध्ये एका वेळी किती माणसं मावतात, खोली कुठल्या बाजूला.

चार जणांची उत्तरं आली. एकाने नुसतं “यस लिफ्ट, नो प्रॉब्लेम” असं लिहिलं. एका सुंदर फोटोवाल्या गेस्ट हाऊसच्या बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं की दारातून आत आल्यावर अकरा पायऱ्या आहेत, लिफ्ट दोन माणसांची आहे, तुमच्या आईंना त्रास होईल, मी तुम्हाला हे घ्या म्हणणार नाही. मला फार बरं वाटलं वाचून. कॉन्व्हेंटवाल्यांनी कळवलं की त्या तारखांना फक्त दोन रात्री रिकाम्या आहेत. आणि सान्ता मारिया माज्जोरेजवळच्या एका तीन स्टार हॉटेलने दाराचा आणि लिफ्टचा फोटोच पाठवला, एकच पायरी, लिफ्ट चार माणसांची, चौघांची एकच खोली आतल्या चौकाकडे, चोवीस तास रिसेप्शन. खोली जुनाट आहे, पडदे अगदी आमच्या शाळेच्या हॉलसारखे, पण सासूबाईंना फोटो दाखवला तर त्या म्हणाल्या हेच घ्या.

गेस्ट हाऊसपेक्षा महाग पडतंय, कर धरून तर अजून. तरी घेऊ ना?

मुक्कामपोस्ट
घ्या. ज्या हॉटेलने न मागता लिफ्टचा फोटो पाठवला ते तिथे गेल्यावरही विचारपूस करतील. दर मात्र फुकट रद्द करता येणारा घ्या, व्हिसा हातात येईपर्यंत. रद्द करायची शेवटची वेळ रोमच्या घड्याळाची असते, ती तारीख फोनमध्ये एक दिवस आधीची टाकून ठेवा. आणि हॉटेलच्या स्वतःच्या साइटवरचा दर पण बघा, थेट घेतलं तर कधीकधी नाश्ता त्यात देतात.

सांजवारा
सासूबाईंना आवडलं म्हणजे झालं. कॉन्व्हेंटचं पुढच्या वेळी, चारपाच महिने आधी लिहा त्यांना.

तिसरीघंटा
पत्ता भिंतींच्या आतच आहे, ५५ लागू. विमानतळावर सामान घेऊन निघाल्यावर आतच “टॅक्सी टॅक्सी” करणाऱ्यांकडे बघू नका, बाहेरच्या रांगेत उभं राहा, गाडी पांढरी, छपरावर पाटी, दारावर नगरपालिकेचं चिन्ह. बसायच्या आधी हॉटेलचा पत्ता दाखवून ५५ ना, असं विचारून घ्या. कार्डाने द्यायचे असतील तर तेही आधीच सांगा. आणि त्या आठवड्यात शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात, सोमवारपासून पाचच्या सुमारास अंधार पडतो, तेव्हा फोरम, शेजारची पालातिनो टेकडी वगैरे उघड्यावरचं सगळं सकाळी घ्या.

अबोली_
केलं बुक! कोलोसियमच्या तिकिटांसाठी वेगळा धागा काढते, तिथेही या सगळे.